रुमालाखालचा होकार

माणूस बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. ही खोड धंद्यातून लागली. धुळ्याच्या कापूस बाजारात मी उभी हयात दलाली केली, आणि त्या काळी आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणाऱ्याचा माणूस आणि शेतकऱ्याच्या बाजूचा दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरत. किती बोटं धरली, पुरती धरली की नुसतं पेर धरलं, यावर भाव ठरे. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पटलं तर समोरच्याचा पंजा दोनदा दाबून सोडायचा, की सौदा पक्का. ज्याचा कापूस तो बिचारा बैलांना धरून गाडीच्या जुवापाशी उभा असायचा आणि रुमाल कसा हलतो ते बघत राहायचा.

बाहेरच्या माणसाला हा चोरीचा मामला वाटेल. आम्हाला मात्र त्याचा भारी अभिमान होता. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी दोनदा दाबलेला पंजा कुणी फिरवला असं माझ्या पाहण्यात एकदाही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाव पडो, घेणाऱ्याचं दिवाळं वाजो, दाबला तो दाबला. देवळातली शपथ मोडलेली मी पुष्कळ पाहिली. रुमालाखालची नाही.

ज्याची गोष्ट सांगायची तो शेठ ह्याच रुमालाखालून वर आला. आम्ही दोघं एकाच हंगामात बाजारात उभे राहिलो. तेव्हा तो शेठ नव्हता. दोघांत मिळून एक छत्री होती आणि आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. मग त्याने कापसातली सरकी काढायची एक जिन भाड्याने घेतली, पुढे ती विकत घेतली, तिच्या शेजारी रुईचे गठ्ठे, म्हणजे गासड्या, दाबायची प्रेस उभी केली. जिनेचा भोंगा वाजायला लागला आणि मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायला लागलो. तो मला नाना म्हणायचा तो नानाच म्हणत राहिला, आणि तूच म्हणत राहिला.

पैसा झाला की माणसाला खुर्ची दिसायला लागते. शेठ आधी नगरपालिकेत गेला. तो निवडून आला आणि आग्रा रोडपासून त्याच्या जिनेच्या फाटकापर्यंत खडी पडली. लोक म्हणाले, कामाचा माणूस आहे. मी म्हणालो, कोणाच्या कामाचा ते विचारा. पुढे तो जिल्हा लोकल बोर्डात गेला. तिथे त्याने दोन गावांना विहिरी दिल्या. दोन्ही गावांचा कापूस त्याच्याच जिनेत येत होता, हे मी त्याच दिवशी घरी बोललो होतो. बायको म्हणाली, तुम्हाला कुणी पाणी पाजलं तरी आधी तांब्याचा तळ बघाल. खोटं नव्हतं ते.

मग मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाची निवडणूक आली आणि शेठ उमेदवार म्हणून उभा राहिला. त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. बऱ्यापैकी सारा भरणाऱ्यालाच मत, त्यामुळे एकेका गावात मोजकी घरं, आणि त्या घरांपुढे उमेदवारांची रीघ. शेठची मोटार गावाच्या अलीकडे आमराईत थांबायची आणि शेठ बैलगाडीतून गावात शिरायचा. जिनेच्या हिशेबनिसाशी गुजराती आणि कलेक्टरच्या कारकुनाशी शुद्ध मराठी बोलणारा हा गृहस्थ चावडीवर बसला की अहिराणी बोलू लागे. माझी मायबोली तीच, पण त्याच्या तोंडून ती ऐकली की मी खिसा चाचपायचो.

आता माझ्या भावाचं सांगतो, कारण जे काही गेलं ते त्याचं गेलं.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला आबा म्हणायचो, आमच्या गावी शेती करायचा. पांझरेच्या काठाने धुळ्याहून खाली गेलं की अर्ध्या वाटेवर आमचं गाव. तिथून पश्चिम खानदेश संपतो आणि पुढच्या शिवारापासून अमळनेरची हद्द, म्हणजे पूर्व खानदेश. आबा पाटील नव्हता, पंच नव्हता, काही नव्हता. पण गावात बांधाचं भांडण झालं की दोन्हीकडचे त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. आबाने ‘असं आहे’ म्हटलं की असं असे. गावातली मतं आबाच्या शब्दावर पडणार हे शेठला ठाऊक होतं, म्हणून तर त्याला अचानक माझी आठवण यायला लागली होती.

आबाला विहीर नको होती, रस्ता नको होता. त्या वर्षी कौन्सिलात कापूस बाजाराचं बिल येणार अशी बोलवा होती. त्यात रुमाल बंद होऊन सगळ्यांदेखत मोठ्याने बोली लावायची तरतूद होणार होती. आबाला तेवढंच हवं होतं. धुळ्यात देवपुरातल्या माझ्या घरी येऊन, चप्पल दाराशी नीट लावून, तो पाटावर बसला आणि म्हणाला, “नाना, तुन्हा रुमालले मी आजलोंग काही म्हनं नही. पन हाऊ रुमाल जावाले पाहिजे. शेठले गावमा लई ये. बठ्ठासना सामने त्याले बोलू दे.”

शेठने गावात यावं आणि सगळ्यांपुढे बोलावं, एवढंच. मी बरं म्हणालो. पण खरं सांगायचं तर रुमाल जाणं मला परवडणारं नव्हतं. रुमाल गेला की दलालाची काय किंमत? जो भाव चार लोक कानांनी ऐकणार, तो सांगायला नाना कशाला हवा? माझं सगळं कसब माझ्या दहा बोटांत होतं. हे मी आबाला बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

बोललो ते भलत्याच ठिकाणी. त्याच आठवड्यात जिनेच्या कचेरीत शेठने चहा पाजला. तिथे जळगावचे दोन प्रेसवाले बसले होते. बिलाची गोष्ट निघाली. मी बशीतला चहा फुंकत म्हणालो, “रुमाल गेला तर आम्ही दलालांनी काय भजनं म्हणायची? जुनं आहे तेच बरं आहे, शेतकऱ्यालाही त्याची सवय आहे.” प्रेसवाले हसले. शेठ हसला नाही, त्याने माझ्या बशीत आणखी चहा ओतला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. जन्मभर जगावर संशय घेतला, नेमका तिथे घेतला नाही.

शेठला गावात नेऊन सगळ्यांपुढे बोलायला लावणं अवघड नव्हतं. त्याला मतं हवी होती, तो आला असता. मीच त्याला ते विचारलं नाही. मनाला मी असं समजावलं की शेठ जाहीर बोलला तर व्यापारी चवताळतील आणि त्याला पाडतील, मग बिलाला हात वर करणारा एक माणूस कमी होईल. समजूत छान होती. सोयीच्या समजुती छानच असतात.

त्याऐवजी मी काय केलं ते ऐका. शेठ त्या दिवसांत मुद्दाम बाजारात चक्कर मारायचा, जुन्या लोकांच्या खांद्यावर हात ठेवायचा. गाड्यांच्या रांगेत तो मला भेटला. मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला. आजूबाजूच्यांना वाटलं नानाने शेठकडे सौदा काढला. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, “रुमाल उठवायच्या बिलाला कौन्सिलात हात वर करशील?” कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून ‘तू’ निघालं होतं.

शेठच्या हाताची एक खूण मला पहिल्या हंगामापासून माहीत होती. मनात एक आणि बोटांत एक असलं की त्याचा अंगठा थरथरायचा, अगदी थोडा. हे बाजारात मला एकट्याला ठाऊक होतं आणि त्यावर मी दोन-चार चांगले सौदे मारलेही होते. त्या दिवशी मी सगळं लक्ष त्या अंगठ्यावर लावलं. अंगठा हलला नाही. शेठने माझा पंजा दोनदा दाबला, नीट, भरून, आणि सोडला.

मी त्याच आठवड्यात गावी गेलो आणि आबाला सांगितलं की शेठने हातावर वचन दिलंय, दोनदा दाबून. आबाने विचारलं, “त्यानी काय सांगं, हाई कोनी ऐकं?” मी म्हणालो, ऐकायचं काय, मी हात ओळखतो. जाहीर बोलला तर व्यापारी पाडतील, ही माझी समजूतही मी त्याला दिली. आबाने भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाला, “तू सांगस म्हनीसन.”

तू सांगतोस म्हणून. एवढ्यावर त्याने गावाला सांगितलं. मतदानाच्या दिवशी शेठने गावाला गाड्या पाठवल्या होत्या, बैलांच्या शिंगांना झुपके बांधून. आबाने त्या परत पाठवल्या. स्वतःची गाडी जुंपून, शेजारच्या दोन घरांना बरोबर घेऊन तो गेला आणि मत टाकून आला. आपण कुणाच्या गाडीत बसलो नाही याचं त्याला मोठं समाधान होतं.

शेठ निवडून आला. हार पडले, पेढे वाटले, भोंगा अवेळी वाजला. मग तो पुण्याला गेला, मुंबईला गेला, कोटाच्या आत साखळीचं घड्याळ आलं. बाजारात यायचा तो बंद झाला, पण ते मी मनावर घेतलं नाही. मोठा झालेला माणूस बाजारात येत नाही, बाजार त्याच्याकडे जातो.

बिल कौन्सिलात आलं त्याची हकीकत पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात आली. आमच्या गावी ते शाळामास्तरांकडे यायचं आणि मास्तर ते चावडीवर वाचून दाखवायचे. आमच्या शेठने उभं राहून भाषण केलं होतं. ते असं की बिलाचा हेतू थोर आहे, पण खानदेशात इतकी घाई नको. आपण शेतकऱ्यांत हिंडलो आहोत, आणि तिथल्या रयतेला जुन्या पद्धतीची सवय आहे. एवढ्यावर थांबला असता तर मी म्हटलं असतं, चला, जातीवर गेला. पण पुढे त्याने पुरावा दिला होता. शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेल्या एका जुन्या, सचोटीच्या दलालाने आपल्याला स्वतः सांगितलं की जुनं आहे तेच बरं आहे.

मास्तरांनी ते वाचलं तेव्हा सगळी चावडी आबाकडे बघायला लागली, असं मला पुढे समजलं. आबा उठला, ते वर्तमानपत्र मास्तरांकडून मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी देवपुराला माझ्या दारात उभा राहिला. या वेळी चप्पल काढली नाही. कागद माझ्यापुढे धरला. आबाला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीवर त्याने बरोबर बोट ठेवलं होतं.

“हाऊ दलाल कोन शे, नाना?”

मी म्हणालो, शेठ खोटं बोलतोय, मी आत्ताच्या आत्ता जाऊन त्याला विचारतो. आबा दारातच थांबला. मी कोट अडकवला आणि जिनेवर गेलो.

शेठ गादीवर बसला होता. मला पाहून आनंदला की काय कोण जाणे, निदान तसं दाखवलं. मी म्हणालो, तुम्ही माझा पंजा दोनदा दाबला होता. तो चिडला नाही, नाकबूलही झाला नाही. शांतपणे त्याने मला विचारलं, “तेव्हा जवळ कुणी होतं का, नाना?”

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, “चहाच्या वेळी तू काय म्हणालास, ते मात्र दोघांनी ऐकलंय.”

त्याचा हात गादीवर पसरलेला होता. मी सवयीने अंगठ्याकडे पाहिलं. स्थिर होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, उशिरा का होईना. खोटं बोलताना त्याचा अंगठा हलायचा तो खोट्यामुळे नाही, सौदा हातचा जाईल या भीतीने हलायचा. मला फसवताना त्याचं काय जाणार होतं? मी एवढा हातांचा जाणकार, आणि मला एवढीशी गोष्ट कळली नव्हती.

आबा माझ्या दारात तसाच उभा होता. मी त्याला सांगितलं की शेठने वचन मोडलं. चहाचं सांगितलं नाही. आबा म्हणाला, “मंग तू त्याले बठ्ठासना सामने बोलाले का नही लावं?” मी व्यापाऱ्यांची तीच जुनी समजूत पुन्हा सुरू केली. त्याने ती अर्ध्यातच तोडली. तो माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, “इतला वरीस मन्हा कापूसना भावबी रुमालखालच ठरना ना?”

त्याने बाकी काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं ते त्यात आलं होतं.

आता मी ज्या गोष्टीची कशाचीही शपथ घेईन ती अशी की आबाच्या कापसात मी कधी एक पेरभरही खाल्लं नाही. इतरांच्या बाबतीत मी साधू होतो असं म्हणत नाही. पण त्याच्या गाडीला जो भाव बोटांत आला तोच मी त्याला तोंडाने सांगितला, दरवर्षी. आणि हे सांगायला माझ्याकडे साक्षीदार म्हणून कोण आहे? रुमाल.

पुढच्या हंगामात आबाच्या गाड्या धुळ्याला आल्या नाहीत. पलीकडे अमळनेरला गेल्या. रुमाल तिथेही होता, पण तिथला दलाल परका होता, आणि परक्याकडून फसण्यात एवढं दुःख नसतं. गावात आबाच्या ओट्यावर बसणं कमी झालं हे मला बहिणीकडून समजलं. एका बांधाच्या भांडणात दोन्ही घरं सरळ कोर्टात गेली. म्हातारे म्हणाले, त्याचा सख्खा भाऊच शेठचा माणूस निघाला, याचा निवाडा काय ऐकायचा. मला लोकांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी कान झाडून मोकळा झालो असतो. माझ्यापायी आबाचा शब्द पडला, ते मात्र मला आतून कुरतडत राहिलं.

कायदा शेठच्या भाषणाने थांबला नाही, फक्त आमच्यापर्यंत यायला आणखी काही हंगाम लागले. अखेर आमच्या बाजारात रुमाल बंद झाला आणि गाडीपुढे उभं राहून मोठ्याने बोली सुरू झाली. पहिल्या दिवसांत आम्हा जुन्या दलालांचे आवाजच फुटेनात. मी तर बोली पुकारताना उगाच बोटं मिटायचो आणि उघडायचो, पोरं हसायची. आणि त्याच हंगामात एके सकाळी रांगेत आबाची गाडी दिसली. मला भेटायला तो आला नव्हता, उघडी बोली कशी असते ते बघायला आला होता. त्याच्या कापसाची बोली झाली, त्याने ती दोन्ही कानांनी ऐकली, मान हलवली. म्हातारा झाला होता.

मी जवळ गेलो. मी हात पुढे केला आणि म्हणालो, “आबा, तुझा हात धरून सांगतो...”

“हात नको, नाना. तोंडवरी सांग.”

मग मी तोंडाने सांगितलं. गाड्यांच्या रांगेत, घेणारे, हमाल, शेतकरी सगळे ऐकत असताना. त्याच्या कापसात मी कधी काही खाल्लं नाही, हे सांगितलं. आणि इतकी वर्षं गिळलेलं तेही सांगितलं की ते चहाच्या वेळचं बोलणं माझंच होतं, आणि शेठला गावात आणलं नाही ते माझ्या पोटाच्या भीतीने आणलं नाही.

आबाने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने विश्वास ठेवला की नाही, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही, आणि हातांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. जू उचलता उचलता तो एवढंच म्हणाला, “हाई गावमा ईसन सांग.”

गावात येऊन हेच सांगायला मी हो म्हणालो. आधी हंगाम होता. मग माझ्या मुलीचं लग्न निघालं. मग पांझरेला पाणी होतं. खरं म्हणजे चावडीवरचे ते चेहरे डोळ्यांपुढे आले की माझे पाय देवपुराच्या पुलापुढे जात नसत. दोन वर्षांनी आबा गेला. गावी पोचलो तेव्हा चावडीवर माणसं बसलेली होती. मला वाट करून द्यायला उठली, बोललं कुणी नाही, आणि त्या दिवशी मीही बोललो नाही.

शेठ पुढे दोनदा निवडून आला, रावसाहेब झाला, वारं फिरल्यावर त्याने रावसाहेबी सोडून खादी घातली. स्वराज्य आलं त्या सकाळी जिनेच्या फाटकावर झेंडा लावताना मी त्याला पाहिलं. दोरी ओढणारा हात अजून तसाच स्थिर होता. पूर्वी मी घरी येऊन त्याच्यावर चार वाक्यं टाकली असती. त्या दिवशी काही बोललो नाही. मी आबाला हो म्हणालो होतो, सगळ्या बाजारादेखत, तोंडाने, आणि गावात गेलो नव्हतो.